जिवंत काडतूस आणि रिकामी पुंगळी

वर्तमानपत्रात अधूनमधून एक ठराविक बातमी येते : अमुक गावी एक गावठी कट्टा आणि दोन जिवंत काडतुसे जप्त. पंचनाम्याच्या भाषेत आणखी एक शब्द आढळतो, तो म्हणजे ‘रिकामी पुंगळी’. वस्तू एकच, बार उडण्यापूर्वी तिला जिवंत काडतूस म्हणतात आणि उडाल्यानंतर पुंगळी. मधल्या क्षणात तिच्यातले काय गेले आणि काय राहिले, आणि जे गेले ते पुन्हा भरता येते काय, हा आजचा विषय आहे.

अमेरिकेसारख्या देशात पिस्तुलाची काडतुसे घरी भरणे हा पुष्कळांचा छंद आहे. त्याची चलच्चित्रे आता आपल्याकडील तरुणही मोबाइलवर पाहतात, आणि “एवढेसे यंत्र, चार हातचलाख्या, यात अवघड ते काय?” असा प्रश्न धावड्यासारख्या गावच्या पारावरही निघू शकतो. डोंगराच्या कडेला राहणाऱ्या आणि रानडुकरांनी पीक लोळविलेले पाहणाऱ्या मनुष्याला तो अगदीच परका वाटत नाही. प्रश्न रास्त आहे. त्याला नुसते ‘नको’ म्हणून गप्प बसविण्यापेक्षा या कामात काय काय येते हे समजून घ्यावे, असे आम्हांस वाटते. ते समजले म्हणजे ‘नको’ कोठे म्हणावयाचे हेही आपोआप कळते.

प्रथम काडतुसाची रचना पाहू. त्याचे भाग चार. बाहेरची पितळी नळी ती पुंगळी. तिच्या बुडाशी मधोमध बसविलेली लहानशी वाटी ती टोपी. ठोका बसताच पेट घेणारे द्रव्य तिच्यात असते. पुंगळीच्या पोटात दारू आणि तोंडाशी घट्ट बसविलेली गोळी. चाप ओढला की घोडा किंवा सुई टोपीवर आदळते, टोपीची ठिणगी बारीक छिद्रातून दारूपर्यंत पोचते, दारू जळून तिचा वायू होतो आणि तो वायू गोळीला नळीतून बाहेर ढकलतो. हे सारे सेकंदाच्या काही सहस्रांशांत उरकते. टोपी, दारू व गोळी खर्ची पडतात. चवथा भाग, म्हणजे पुंगळी, तेवढी हाती राहते. काडतुसाच्या किमतीत पुंगळीचा वाटा मोठा असतो. घरी काडतूस भरण्याच्या कल्पनेचा उगम या हिशेबात आहे.

भरण्याची ही कल्पना नवी नाही. एके काळी बंदूक चालविणारा प्रत्येक मनुष्य स्वतःचा बार स्वतःच भरीत असे. त्याचे मोठे उदाहरण आपल्याच जालना जिल्ह्यात घडले. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा व जुई या नद्यांच्या बेचक्यात असई येथे शिंदे-भोसले यांचे सैन्य आणि आर्थर वेलस्ली यांची इंग्रजी फौज यांची लढाई झाली. शिंद्यांचे कवायती कंपू काय किंवा कंपनीचे शिपाई काय, दोघांच्याही हाती चकमकीच्या, ठासणीच्या बंदुका होत्या. त्यांचे काडतूस म्हणजे कागदाची एक सुरळी. आत मोजून घातलेली दारू आणि शिशाची गोळी. शिपाई ती सुरळी दातांनी फाडी, चिमूटभर दारू कानाशी ठेवी, उरलेली नळीत ओती, गोळी व कागद गजाने ठासून बसवी आणि मग बार काढी. कसलेला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढू शके. ‘काडतूस’ हा शब्दही आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. कागदाच्या सुरळीला मिळालेले नाव पुढे पितळेच्या नळीला चिकटले.

या दातांनी फाडण्याच्या कागदानेच पुढे इतिहास घडविला. १८५७ मध्ये नव्या एन्फील्ड रायफलीच्या काडतुसांना गाई-डुकरांची चरबी लावली आहे अशी वार्ता पलटणींतून पसरली आणि असंतोषाच्या कोठारात ठिणगी पडली. गंमत अशी की, त्याच १८५७ साली अमेरिकेत स्मिथ आणि वेसन यांनी आपल्या लहान रिव्हॉल्व्हरसाठी पॉइंट बावीस मापाचे धातूचे काडतूस बाजारात आणले. दारू, गोळी आणि ठिणगी यांचा एकच गठ्ठा त्यात बांधलेला होता. इकडे कागदी काडतुसावरून राज्य हादरत होते आणि तिकडे त्या कागदाचे दिवस भरले होते.

त्या काडतुसात मात्र एक अडचण होती. ठिणगीचे द्रव्य पुंगळीच्या बुडाच्या कडेत आतून पसरलेले असे, आणि घोडा त्या कडेवर आदळून ती चेपून टाकी. चेपलेली कड पुन्हा भरता येत नाही. पुंगळी एका बारानंतर टाकून द्यावयाची. यावर उपाय म्हणून १८६६ च्या सुमारास दोघांनी दोन तऱ्हा काढल्या. इंग्लंडात वूलिच येथील प्रयोगशाळेचे कर्नल बॉक्सर आणि अमेरिकेचे कर्नल बर्डन. दोघांनीही टोपी वेगळी करून बुडाच्या मध्यभागी बसविली. बॉक्सर यांच्या टोपीत ठोका झेलणारी ऐरण टोपीतच असते आणि पुंगळीला मध्यावर एकच छिद्र असते. बर्डन यांनी ऐरण पुंगळीच्या बुडातच घडविली आणि तिच्या बाजूंना छिद्रे ठेवली. फरक बारीक आहे, पण परिणाम मोठा. बॉक्सरच्या पुंगळीत वरून सुई घातली की ती मधल्या छिद्रातून जाऊन जुनी टोपी सहज बाहेर पाडते. बर्डनच्या पुंगळीत सुई ऐरणीवरच अडते. आता नशिबाचा खेळ पहा : इंग्रजाची टोपी अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची टोपी युरोपातील लष्करांनी उचलली. काडतूस घरी भरण्याचा छंद अमेरिकेत वाढला याचे एक कारण त्या मधल्या एका छिद्रात आहे.

दुसरे कारण पितळ. काडतुसाच्या पितळेत शंभर भागांत सुमारे सत्तर भाग तांबे व तीस भाग जस्त असते. बार उडताना ही पुंगळी फुगून पिस्तुलाच्या कोठ्याला चिकटते, वायू मागे येऊ देत नाही, आणि दाब ओसरताच किंचित आकसून मोकळी होते. हा लवचिकपणा आपल्या घरच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांसारखाच. ठोकले तर वाकते, चटकन तडकत नाही. परंतु वारंवार फुगून-आकसून पितळ कडक होते आणि शेवटी तोंडाशी चीर पडते. पुंगळीलाही आयुष्य असते.

१८८४ साली अमेरिकेत कनेक्टिकट प्रांतात बार्लो नावाच्या गृहस्थाने ‘आयडियल’ या नावाने काडतुसे भरण्याची हत्यारे करण्याचा कारखाना काढला. सांडशीसारखे एक हत्यार घेऊन शिकारी मुक्कामावर बसल्या बसल्या काडतुसे भरू लागला. १९४३ साली, महायुद्धामुळे नागरिकांना गोळ्या मिळेनाशा झाल्या असता, कॅलिफोर्नियात फ्रेड हंटिंग्टन यांनी ‘आरसीबीएस’ या नावाने धंदा उभारला. टंचाई आणि काटकसर यांच्या पोटी हा छंद वाढला, हे त्यावरून दिसेल.

तेथला नवशिक्या प्रारंभ कसा करतो? तो पहिल्याने एक पुस्तक विकत घेतो. दारू व गोळ्या करणाऱ्या कंपन्या प्रयोगशाळेत दाब मोजून कोणत्या गोळीस कोणती दारू किती, याची कोष्टके छापतात. त्यांत किमान व कमाल अशी दोन टोके दिलेली असतात आणि नवशिक्याने खालच्या टोकापासून सुरुवात करावी असा दंडक असतो. त्यानंतर येतो नाजूक तराजू, मग लांबी मोजण्याचे मापक, आणि सर्वांत शेवटी ते दांड्याचे यंत्र, जे चलच्चित्रात सर्वांत आधी डोळ्यांत भरते.

कामाचा क्रम असा. पुंगळ्या पुसून, निरखून, चीर गेलेल्या बाजूस काढावयाच्या. उरलेल्या साच्यात दाबून मूळ मापावर आणावयाच्या; त्याच दाबात सुई जुनी टोपी पाडते. तोंड किंचित रुंद करावयाचे, नवी टोपी बसवावयाची, दारू तोलून घालावयाची, गोळी ठरल्या खोलीपर्यंत बसवावयाची आणि तोंड पुन्हा आवळावयाचे. सांगावयास दोन मिनिटे लागली. हात बसला की करावयासही फार वेळ लागत नाही. मग जोखीम कोठे आहे?

ती दारूच्या वजनात आहे. हे वजन ग्रेनमध्ये मोजतात. ग्रेन म्हणजे मूळचा धान्याचा दाणा. एका पौंडात ७,००० ग्रेन. आपला जुना इंग्रजी अमदानीतला तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन. पिस्तुलाच्या एका काडतुसात लागणारी दारू पुष्कळदा पाच ग्रेनच्या आसपास असते, म्हणजे सोनाराच्या तीन गुंजांहूनही कमी. तोळाभर दारूत तीस-पस्तीस काडतुसे भरतील. अशा ठिकाणी अर्ध्या गुंजेची चूक ही मोठी चूक ठरते. सोनाराच्या तराजूवर चूक झाली तर पैसे जातात. येथे बोटे व डोळे जातात.

शिवाय ही दारू आपल्या आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीतील काळी दारू नव्हे. सोरा, कोळसा आणि गंधक यांची ती जुनी दारू धुराचे लोट सोडी, आणि पुंगळी तिने जवळजवळ भरून जाई. १८८४ साली फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी कापसासारख्या तंतूंवर नत्राम्लाची क्रिया करून होणाऱ्या द्रव्यापासून बिनधुराची दारू सिद्ध केली. ती थोडीशी घातली तरी काम भागते, आणि यातच सापळा आहे. पुष्कळ काडतुसांत ठरलेल्या मापाने पुंगळी अर्धीही भरत नाही. लक्ष क्षणभर विचलित झाले, दाराशी कोणी हाक मारली, आणि त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा माप पडले, तर ते सांडत नाही, मुकाट्याने मावते. वर गोळी बसली की आत काय आहे हे कोणासही दिसत नाही.

त्या दुप्पट मापाचा अर्थ समजण्यासाठी एक आकडा पुरे. ९ मिलिमीटर पिस्तुलाच्या योग्य रीतीने भरलेल्या काडतुसातही दाबाची कमाल मर्यादा चौरस इंचाला ३५,००० पौंड धरतात. मोटारीच्या चाकात तो तीस-पस्तीस पौंड असतो. म्हणजे मुठीत धरलेल्या पिस्तुलाच्या कोठ्यात, चेहऱ्यापासून हातभर अंतरावर, चाकाच्या हजारपट दाब क्षणभर कोंडलेला असतो, आणि पोलाद तो सोसते कारण त्याचे माप आधीच ठरलेले आहे. दारू दुप्पट झाली की दाब दुपटीवर थांबत नाही. वाढत्या दाबात दारू अधिक वेगाने जळते आणि दाब त्याहून पुढे जातो. गोळी ठरल्यापेक्षा खोल बसली तरी आतील जागा कमी होऊन दाब वाढतो.

उलट बाजूची चूकही तितकीच वाईट. दारू घालावयाचीच राहिली, तर नुसत्या टोपीच्या जोराने गोळी नळीत शिरते आणि मध्येच अडकते. आवाज होतो तो फुसका. अधीर मनुष्य पुन्हा चाप ओढतो, आणि पुढची गोळी अडकलेल्या गोळीवर जाऊन आदळते, नळी फुटते. याकरिता तेथील जाणते लोक काही नियम कटाक्षाने पाळतात. मेजावर एका वेळी एकाच जातीच्या दारूचा डबा. दारू मूळ डब्यातच ठेवावयाची, दुसऱ्या बाटलीत नाही. गोळी बसविण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत उजेड पाडून पाहावयाचे. केलेल्या प्रत्येक खेपेची वहीत नोंद. कामाच्या वेळी गप्पा नाहीत, धूम्रपान नाही, डोळ्यांवर चष्मा, मुले खोलीबाहेर. टोप्यांच्या राखेत व गोळ्यांत शिसे असते, म्हणून हे काम स्वयंपाकघरात नाही आणि हात धुतल्याखेरीज तोंडात घास नाही. नियमांची ही यादी वाचली म्हणजे दिसते की त्यांतील एकालाही हस्तकौशल्य लागत नाही. लागते ती न कंटाळणारी सावधगिरी, आणि तीही शंभराव्या पुंगळीला पहिल्या पुंगळीइतकीच.

आता कारखान्याकडे वळू. आपल्या महाराष्ट्रात काडतुसांचा मोठा वारसा आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. तेथील काडतुसांच्या बुडावर ‘के एफ’ ही अक्षरे आढळतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेपलीकडे, तापीच्या खोऱ्यात, भुसावळजवळ वरणगाव येथे १९६४ साली दुसरा कारखाना उभा राहिला. १ ऑक्टोबर २०२१ पासून हे दोन्ही ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’ या सरकारी कंपनीत गेले. अशा कारखान्यात काडतूस एका हातातून निघत नाही. पितळेची तबकडी दाबून पुंगळी ओढणारा वेगळा, टोपी भरणारा वेगळा, दारू तोलणारा वेगळा आणि या सर्वांचे काम तपासून माल पास करणारा वेगळा. प्रत्येक खेपेतील काही काडतुसे मुद्दाम उडवून दाब मोजतात. कामगाराची चूक तपासनिसाला सापडते. सगळी व्यवस्था या एका गृहीतावर उभी आहे. घरी भरणारा मनुष्य कामगारही स्वतःच, तपासनीसही स्वतःच आणि चूक राहिली तर तिची परीक्षा घेणाराही स्वतःच. घरच्या कामात वाचतात ते पैसे त्या तपासनिसाचे आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

येथे कोणी म्हणेल, आमच्या मुलीला नेमबाजीत नाव काढावयाचे आहे, रोजच्या सरावाला काडतुसे महाग पडतात, त्यांचे काय? या शंकेचे उत्तर मौजेचे आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेत्या झाल्या, राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळविले, राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलीत कांस्यपदक आणले. या तिन्ही प्रकारांत वापरतात ते पॉइंट बावीसचेच काडतूस, कडेला ठिणगी असलेले, १८५७ च्या त्या लहान काडतुसाच्या घराण्यातले. ते भरता येत नाही. म्हणजे ज्या काडतुसांनी आपल्याला ही पदके मिळवून दिली, त्यांना पुनर्जन्मच नाही. शिवाय नेमबाजीचा श्रीगणेशा होतो तो १० मीटरच्या हवेच्या पिस्तुलावर, जिच्यात दारूचा कणही नसतो. आणि सरावाचा मोठा भाग बाराशिवाय, नुसता नेम धरून चाप ओढण्याचा असतो.

राहिला कायदा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमाप्रमाणे परवान्यावाचून शस्त्रे वा दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे. शस्त्र बाळगण्याचा परवाना वेगळा आणि तयार करण्याचा वेगळा. पहिला असला म्हणून दुसरा मिळाला असे होत नाही. याहून महत्त्वाची गोष्ट व्याख्येत आहे. काडतुसाचे सुटे भाग आणि काडतुसे बनविण्याची यंत्रसामग्री यांनाही हा कायदा ‘दारूगोळा’च समजतो. म्हणजे ते दांड्याचे यंत्र आणून ठेवले, अजून एकही बार भरला नाही, असे म्हणून सुटका होत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने या कलमाच्या भंगाची शिक्षा किमान सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी झाली. दारूच्या साठ्याला १८८४ चा स्फोटक पदार्थांचा कायदा लागतो तो निराळाच. डुकरांनी पीक खाल्ले हा या कलमांपुढे बचाव होत नाही. त्याची दाद वनखात्याकडे आणि नुकसानभरपाईच्या अर्जात मागावी लागते.

मग या विषयाचा आपल्या गावी उपयोग काय? आम्हांस तो तीन ठिकाणी दिसतो. ज्यांच्याकडे रीतसर परवाना आहे त्यांनी परवानाधारक दुकानातूनच, बुडावरची अक्षरे पाहून काडतुसे घ्यावीत. कोणी ‘घरी भरलेले, निम्म्या भावात’ म्हणून देऊ केले तर त्यात दारू किती आहे हे देणाऱ्यासही ठाऊक नसते असे समजावे. चाप ओढूनही बार उडाला नाही, तर नळी निर्धोक दिशेस धरून निदान अर्धा मिनिट थांबावे. टोपी उशिरा पेट घेऊ शकते. आवाज फुसका आला तर पुन्हा चाप ओढू नये. बंदूक रिकामी करून नळी तपासून घ्यावी. आणि जुन्या पेटीत, आजोबांच्या कपाटात, नांगरटीत एखादे काडतूस सापडले, तर ते पकडीने उघडू नये, चुलीत टाकू नये, पोरांच्या हाती देऊ नये. आहे तेथे ठेवून पोलीस ठाण्यास कळवावे. पितळ हिरवे पडले म्हणून आतली दारू मेली असे होत नाही.

पंचनामा लिहिणाऱ्या हवालदाराने काडतुसाला ‘जिवंत’ म्हटले ते सहज. पण तो शब्द नेमका आहे. पुंगळी पुन्हा जिवंत करता येते, यात शंका नाही. मात्र ते काम हाती घेणाऱ्याने त्याच्या प्रत्येक बाराचा जबाबदार आपण एकटे आहोत हे आधी पत्करावे लागते, आणि आपल्या देशात तर त्याआधी सरकारचा परवाना लागतो. हे दोन्ही जेथे नाहीत तेथे रिकामी पुंगळी रिकामीच राहू द्यावी.